बावटा कुणाचा, माणूस कुणाचा?



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला 'आंतरराष्ट्रीय कायदा' या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी प्रथम नकोच म्हणालो. हा विषय वकिलांचा आणि प्राध्यापकांचा. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण थोडे रात्रशाळेत आणि बरेचसे मुंबईच्या गोदीच्या दरवाजावर झाले. पण युनियनच्या कचेरीत तीस वर्षे बसलो, खलाशांचे कागद वाचून घ्यायला दुसरे कुणी नव्हते, म्हणून शब्दकोश शेजारी ठेवून मीच ते वाचू लागलो. त्या वाचनातून जे कळले तेवढेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावचे एक गृहस्थ सकाळी आमच्या कचेरीत आले. हातात प्लास्टिकची पिशवी, तीत मुलाच्या नोकरीचा करार आणि मुलाने फोनवर पाठवलेल्या निरोपांचे कागद. मुलगा एका मालवाहू बोटीवर होता. बोट परदेशच्या एका बंदराबाहेर नांगरून पडलेली. सात महिने पगार नाही. जनरेटरला तेल नाही, म्हणून रात्री अंधार. पिण्याचे पाणी मोजून मिळते. मुंबईत ज्याने नोकरी लावून दिली, त्या एजंटाच्या दाराला कुलूप.

मी विचारले, "काका, बोटीवर बावटा कुठला आहे?"

ते माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, "भाऊ, पोरगा आपला आहे, तर बावटाही आपलाच असेल ना?"

या प्रश्नाचे उत्तर त्यांना देताना मला जे जड गेले, त्याचीच हकीकत म्हणजे आजचे व्याख्यान आहे. बावटा आपला नव्हता. ज्या देशाचा होता, तो देश त्या मुलाने कधी पाहिला नव्हता, आणि बोटीच्या मालकाने तरी पाहिला असेल की नाही याची मला शंका आहे. मालक तिसऱ्या देशात, बोट चालवणारी कंपनी चौथ्या देशात, माल पाचव्याचा. आणि बोटीवर उपाशी बसलेला मुलगा आपल्या जिल्ह्यातला.

आता हे असे का चालते, ते पाहू. भर समुद्रावर कुणाही एका राजाचे राज्य नाही. मग तिथे कायदा कुणाचा चालायचा? जुन्या लोकांनी यावर तोड काढली, की ज्या देशाचा बावटा, त्या देशाचा कायदा. बोट म्हणजे जणू त्या देशाचेच अंगण. तोड वाईट नव्हती. पण बावटा कुणाला द्यायचा हे कोण ठरवणार? १९०५ साली हेगच्या लवादापुढे मस्कतच्या गलबतांचा तंटा आला होता. ओमानच्या सुलतानाच्या प्रजेतले काही लोक आपल्या गलबतांवर फ्रान्सचा बावटा लावीत, त्याला इंग्रजांची हरकत होती. लवादाने सर्वसाधारण नियम असा सांगितला, की आपला बावटा कुणाला द्यावा हे ज्या त्या सार्वभौम सत्तेने ठरवायचे.

या नियमातून एक दार उघडे राहिले, आणि पुढे त्यातून व्यापार आत शिरला. १९२२ साली अमेरिकेत दारूबंदी होती. दोन अमेरिकन उतारू जहाजांनी पनामाचा बावटा घेतला, कारण पनामाच्या बावट्याखाली उतारूंना दारू विकता येत होती. मालकांच्या लक्षात आले, की बावटा बदलला की कायदा बदलतो. दारूचा बदलतो तसा कराचा बदलतो, पगाराचा बदलतो, युनियनचाही बदलतो. १९४८ साली लायबेरियाने आपली जहाज-नोंदणी उघडली. ती उभी करण्यात अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री एडवर्ड स्टेटिनियस यांचा पुढाकार होता. आज लायबेरियाची नोंदणी आणि मार्शल बेटांची नोंदणी या दोन्हींचा कारभार अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या खाजगी कंपन्या चालवतात. मंगोलियाला समुद्रकिनाराच नाही. त्या देशाचीही जहाज-नोंदणी आहे, आणि तिची कचेरी सिंगापुरात. पनामा, लायबेरिया आणि मार्शल बेटे या तीन बावट्यांखाली आज जगातल्या जहाजांच्या एकूण क्षमतेपैकी चार दशांशांहून अधिक क्षमता नोंदलेली आहे.

याला आम्ही कामगार लोक 'सोयीचा बावटा' म्हणतो. आमच्या युनियनचा बावटा हाती धरला तर पूर्वी नोकरी जात असे. हा बावटा असा, की तो धरल्याने मालकाची जबाबदारी जाते.

आता न्यायाची बाजू म्हणून दुसरेही सांगितले पाहिजे. हे सारे निव्वळ लुटारू आहेत असे मी म्हणणार नाही. नोंदणीचे उत्पन्न हा काही गरीब देशांचा मोठा आधार आहे. बड्या देशांनी त्यांना ते सोडा म्हणून सांगावे, हे शोभत नाही. आणि आणखी एक गोष्ट, जी आमच्या सभांतून फारशी बोलली जात नाही. जपानी, ग्रीक, जर्मन मालकांनी स्वतःच्या देशाचा बावटा ठेवला असता, तर त्यांना पुष्कळदा स्वतःच्या देशाचे खलाशी घ्यावे लागले असते. सोयीचा बावटा आला, म्हणून हिंदी, फिलिपिनो, इंडोनेशियन पोरांना कामे मिळाली. आपल्या खाडीकाठच्या कित्येक चिरेबंदी घरांचा चिरा त्या पैशाने बसला आहे. तेव्हा बावटा परका असण्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार एवढीच, की बावट्याची फी घेणारा आणि बावट्याखाली पैसा कमावणारा, दोघेही संकटाच्या दिवशी हजर नसतात.

कायद्याने हे पाहिले नाही असे नाही. १९४८ सालीच आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने ओस्लोच्या अधिवेशनात सोयीच्या बावट्यांविरुद्ध मोहीम सुरू केली. पुढे १९५८ साली जिनिव्हाला खुल्या समुद्राचा करार झाला. त्याच्या पाचव्या कलमात एक चांगला शब्द आला: देश आणि जहाज यांच्यात 'खरा संबंध' असला पाहिजे. तोच शब्द १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराच्या ९१ व्या कलमात आहे, आणि ९४ व्या कलमात बावट्याच्या देशाची कर्तव्ये सांगितली आहेत: जहाजाची तपासणी, खलाशांचे शिक्षण, कामाच्या अटी. हा करार १९९४ पासून अमलात आहे.

पण खरा संबंध म्हणजे काय, हे कुणी लिहिले नाही. १९६० साली हेगच्या न्यायालयापुढे प्रश्न आला, की जहाजांची मोठी मालकी असलेले देश कोणते? लायबेरिया आणि पनामा त्यांत धरायचे की नाही? न्यायालयाने नऊ विरुद्ध पाच मतांनी कौल दिला, की नोंदणीचा आकडा पाहायचा. खरा मालक कोण, या खोलात न्यायालय गेले नाही. १९८६ साली या संबंधाची व्याख्या करणारा वेगळा करार झाला. तो अमलात येण्यासाठी चाळीस देशांची आणि जगातल्या पाव हिस्सा जहाजक्षमतेची संमती हवी होती. ती जमली नाही, आणि करार कागदावरच राहिला. १९९९ साली 'सैगा' जहाजाच्या खटल्यात हॅम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणाने सांगितले, की खरा संबंध हवा तो बावट्याच्या देशाने आपली कर्तव्ये नीट पार पाडावीत म्हणून. तो नाही असे म्हणून दुसऱ्या देशाने त्या बावट्यालाच आव्हान द्यावे, असा त्याचा अर्थ नाही. म्हणजे शब्द राहिला, त्याचे दात गेले.

दात नसलेल्या शब्दाची किंमत कोण देतो, याची दोन उदाहरणे सांगतो.

२०१७ च्या जुलैत 'अमान' नावाचे बाहरेनच्या बावट्याचे जहाज इजिप्तच्या एका बंदरात अडकले. तिथल्या कोर्टाने जहाजावरच्या एका सीरियन अधिकाऱ्याला जहाजाचा कायदेशीर रखवालदार नेमले. बाकीचे हळूहळू घरी गेले, हा एकटा राहिला. पुढे जहाज वाहत किनाऱ्याजवळ आले, तेव्हा तो काही दिवसांनी एकदा पोहत किनाऱ्यावर जाई, फोन चार्ज करी, अन्नपाणी घेई आणि पुन्हा पोहत जहाजावर येई. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याची सुटका झाली. जवळजवळ चार वर्षे! गुन्हा काय? रखवालदार म्हणून त्याची सही होती.

दुसरे उदाहरण याहून भयंकर. 'रोसस' हे मोल्दोव्हाच्या बावट्याचे जुने जहाज, २,७५० टन अमोनियम नायट्रेट घेऊन जॉर्जियाहून मोझांबिकला निघालेले, २०१३ च्या नोव्हेंबरात बैरूटला आले. जहाज समुद्रात जाण्यालायक नाही म्हणून बंदराने अडवले. मालकाने हात झटकले. कप्तान आणि तीन खलाशी महिनोन्महिने त्या दारूगोळ्यावर बसून होते. शेवटी खलाशी सुटले, माल बंदराच्या गुदामात गेला, आणि २०२० च्या ऑगस्टच्या चार तारखेला त्याचा स्फोट झाला. दोनशेहून अधिक माणसे मेली, अर्धे शहर उद्ध्वस्त झाले. त्या गुदामाचा हिशेब बैरूटच्या अधिकाऱ्यांनी द्यायचा आहे, ते खरेच. पण या कथेचे पहिले पान एका बेवारशी जहाजाचे आहे. मालकाने खलाशी सोडून दिले, की तो त्यांच्याबरोबर मालाचा धोकाही परक्या शहराच्या दारात सोडून जातो.

हे अपवाद आहेत असे समजू नका. वाहतूक कामगार महासंघाच्या हिशेबाप्रमाणे २०२४ या एका वर्षात ३१२ जहाजांवरचे ३,१३३ खलाशी असे वाऱ्यावर सोडले गेले. त्यांत हिंदी खलाशांची संख्या सर्वांत मोठी होती.

आता अलीकडे यात राजकारणाची भर पडली आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी 'गॅलक्सी लीडर' हे जहाज पळवले. जहाजाचा बावटा बहामाचा, मालकी एका इस्रायली व्यापाऱ्याशी संबंधित, चालवणारी कंपनी जपानची, आणि वरचे पंचवीस खलाशी फिलिपाइन्स, मेक्सिको, रुमानिया, बल्गेरिया आणि युक्रेनचे. भांडण गाझाचे. या पंचवीसांपैकी एकाचाही त्या भांडणाशी संबंध नव्हता. ते २०२५ च्या जानेवारीत सुटले, चौदा महिन्यांनी. २०२४ च्या एप्रिलमध्ये इराणने 'एमएससी एरीज' हे जहाज होर्मुझजवळ धरले; बावटा पोर्तुगालचा, पंचवीसांपैकी सतरा खलाशी हिंदी. त्या वेळी आपल्या परराष्ट्र खात्याने तेहरानशी बोलणे लावले, आणि आपली एक तरुण मुलगी, जी शिकाऊ म्हणून जहाजावर होती, ती सर्वांत आधी घरी आली. बाकीचे मागाहून येऊ लागले. बावटा पोर्तुगालचा होता, तरी आपल्या सरकारने बोलणे आपले कर्तव्य मानले, हे ध्यानात ठेवा.

आणि युक्रेनच्या युद्धानंतर एक नवाच प्रकार निघाला आहे. निर्बंध चुकवून तेल वाहणारी जुनी जहाजे महिन्यामहिन्याला बावटा बदलतात, काही तर खोटाच बावटा लावतात. २०२४ च्या नाताळच्या दिवशी 'ईगल एस' या कुक बेटांच्या बावट्याच्या तेलवाहू जहाजाचा नांगर फरफटत गेला आणि फिनलंड-एस्टोनियामधली समुद्रतळाची वीजवाहिनी तुटली, असा आरोप झाला. फिनलंडने कप्तान आणि दोन अधिकाऱ्यांवर खटला भरला. त्यांत एक हिंदी होता. २०२५ च्या ऑक्टोबरात हेलसिंकीच्या जिल्हा न्यायालयाने सांगितले, की घटना फिनलंडच्या प्रादेशिक समुद्राबाहेर घडली, म्हणून हा खटला चालवण्याचा अधिकार बावट्याच्या देशाला किंवा त्या अधिकाऱ्यांच्या स्वतःच्या देशांना आहे, फिनलंडला नाही.

यावर युरोपात मोठा वाद माजला. पुष्कळांचे म्हणणे असे, की बावट्याचा हा जुना नियम आता मोडीत काढावा आणि किनाऱ्याच्या देशांना समुद्रावर जहाजे थांबवून झडती घेण्याची मोकळीक द्यावी. माझ्यासारख्या सोयीच्या बावट्याच्या शत्रूने याला लगेच टाळी द्यावी असे वाटेल. पण मी देणार नाही. कारण या नियमाचा उगम पाहा. १९२६ साली 'लोटस' या फ्रेंच आगबोटीची एका तुर्की जहाजाशी टक्कर होऊन आठ तुर्की माणसे मेली. तुर्कस्तानने फ्रेंच अधिकाऱ्यावर खटला भरला, आणि १९२७ साली हेगच्या न्यायालयाने अध्यक्षांच्या निर्णायक मताने तो योग्य ठरवला. तेव्हा जगभरचे दर्यावर्दी हबकले. उद्या टक्कर झाली तर कुठल्या बंदरात कोण आपल्याला तुरुंगात टाकील, याचा भरवसा राहिला नाही. म्हणून पुढे करारांत नियम आला, की अशा अपघातात खटला चालवायचा तो बावट्याच्या देशाने किंवा त्या माणसाच्या स्वतःच्या देशाने. त्या नियमामागे दर्यावर्दींचीही भीती होती. बड्यांच्या भांडणात तो मोडला, तर पहिला बेडीत जाईल तो मालक नव्हे. पहारेकरी म्हणून डेकवर उभा असलेला आपला पोरगा जाईल. आणि आज बाल्टिकमध्ये एकाने झडती घेतली, तर उद्या दुसरा बलवान देश दुसऱ्या समुद्रात तीच सबब सांगेल. लहान देशांच्या जहाजांना मग वाली कोण?

मग उपाय काय? मला वाटते, तो समुद्राच्या मध्यावर नाही, बंदराच्या धक्क्यावर आहे. जहाज भर समुद्रावर कुणाचेही असो, माल उतरवायला त्याला कुठल्या तरी धक्क्याला लागावेच लागते. तिथे बंदराच्या देशाचा अधिकार चालतो. १९७८ साली लायबेरियाच्या बावट्याचे 'अमोको कादिझ' हे तेलाचे जहाज फ्रान्सच्या किनाऱ्यावर फुटले, आणि १९८२ साली युरोपच्या देशांनी पॅरिसला ठरवले, की बंदरात येणाऱ्या परक्या जहाजांची सर्वांनी मिळून तपासणी करायची. १९९८ साली हिंदी महासागरातल्या देशांनीही तसाच समझोता केला. त्यात भारत आहे.

आणि २००६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने खलाशांच्या हक्कांचा सागरी श्रम करार मंजूर केला. याच संघटनेच्या १९१९ सालच्या पहिल्या परिषदेत हिंदी कामगारांच्या वतीने आपले ना. म. जोशी बसले होते. या कराराला पहिली मान्यता कुणी दिली, ठाऊक आहे? लायबेरियाने! म्हणून मी मघाशी म्हणालो, की कुणाला सरसकट लुटारू म्हणू नये. करार २०१३ पासून अमलात आहे, भारताने २०१५ साली तो मान्य केला. त्यातली खुबी अशी, की ज्या देशाने करार मानला नाही, त्याच्या जहाजालाही बंदरात सवलत द्यायची नाही. म्हणजे सही न करून फायदा नाही. २०१७ पासून त्यात आणखी एक कलम चालू आहे. दोन महिने पगार नाही, किंवा अन्नपाणी नाही, किंवा घरी धाडण्याचा खर्च मालक देत नाही, तर त्या खलाशाला 'सोडून दिलेला' समजायचे. आणि मालकाने आधीच उतरवलेल्या विम्यातून त्याला चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी येण्याचे भाडे द्यायचे. त्या विम्याचा दाखला जहाजावर सर्वांना दिसेल असा लावलेला पाहिजे.

आता त्या काकांच्या मुलाचे सांगतो. आम्ही मुलाला निरोप पाठवला: भिंतीवर विम्याचा कागद असेल तो शोध, त्याचा फोटो पाठव. जेवणखोलीच्या भिंतीवर, जुन्या कॅलेंडरच्या मागे तो कागद निघाला. आम्ही विमा कंपनीला लिहिले, बावट्याच्या कचेरीला लिहिले, बंदराच्या अधिकाऱ्यांना लिहिले, आपल्या वकिलातीला लिहिले. बावट्याच्या कचेरीचे एका ओळीचे उत्तर आले. सहा आठवड्यांनी मुलगा घरी आला, तो विम्याच्या पैशाने. पगार मिळाला चार महिन्यांचा. थकला होता आता नऊ महिन्यांचा. पाच महिने बुडाले ते बुडालेच. काकांनी ते पैसे टेबलावर मोजले आणि विचारले, "बाकीचे कुणाकडे मागायचे, भाऊ?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे आहे. 'खरा संबंध' या शब्दाची गेली सहा-सात दशके आपण वाट पाहिली. तो बड्या परिषदांतून येईल तेव्हा येवो. पण जहाजाचा खरा संबंध एका गोष्टीशी नेहमीच असतो, आणि ती म्हणजे त्यावरची माणसे. २००६ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आंतरराष्ट्रीय विधि आयोगाने राजनैतिक संरक्षणाचा जो मसुदा पुरा केला, त्याच्या अठराव्या कलमात म्हटले आहे, की जहाजाच्या बावट्याचा देश खलाशांसाठी दाद मागू शकतो, पण त्यामुळे खलाशाच्या स्वतःच्या देशाचा हक्क जात नाही. आपल्या सरकारने या हक्काला कर्तव्य मानावे. 'एरीज'च्या वेळी साऱ्या जगाचे लक्ष होते, म्हणून फोन लवकर फिरले. परक्या बंदराबाहेर गुपचूप नांगरून पडलेल्या लहान बोटीसाठीही ते तसेच फिरले पाहिजेत. आणि आपल्या बंदरात एखादे जहाज आले, वरचे खलाशी फिलिपिनो असोत की सीरियन, त्यांचा पगार थकला असेल तर आपल्या अधिकाऱ्यांनी त्याला सोडू नये. आपण त्यांच्या पोराला राखले, तर कुणी आपल्या पोराला राखील. आंतरराष्ट्रीय कायद्याचा मला समजलेला पाया एवढाच आहे.

आणि इथे बसलेल्या आईबापांना दोन शब्द. पोराला बोटीवर धाडताना आपण पगार विचारतो, देश विचारतो. यापुढे एजंटाकडे सरकारी परवाना आहे का ते पाहा. बोटीचे नाव, बावटा आणि विम्याची कंपनी विचारा, आणि कराराची एक प्रत घरी ठेवा. जो एजंट ही उत्तरे देत नाही, त्याच्याकडे पोर सोपवू नका.

तो मुलगा पुन्हा बोटीवर गेला. घरावर कर्ज होते, जावेच लागले. पण जाण्याआधी कचेरीत आला आणि एक चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. तिच्यावर नव्या बोटीचे नाव होते, बावटा होता आणि विमा कंपनीचा पत्ता होता. म्हणाला, "भाऊ, ही चिठ्ठी तुमच्याकडे राहू द्या." ती अजून माझ्या खणात आहे.